लेख ढापला गेलाय, आता काय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी कोकणातल्या पदार्थांवर आणि माणसांवर लिहिते. माझं लिखाण पहिल्यांदा चोरीला गेलं, तेव्हा वाटलं होतं की हे माझ्या एकटीच्याच नशिबी आलंय. मग लिहिणाऱ्या ओळखीच्या, अनोळखी माणसांचे निरोप यायला लागले. दिवाळी अंक बाजारात आले की ते हमखास वाढतात. प्रश्न तेच तेच असतात, म्हणून उत्तरं एकदाची इथे लिहून ठेवली. मी वकील नाही. गोष्ट नोटीस-दाव्यापर्यंत गेली तर वकील गाठाच.

१. माझा लेख जसाच्या तसा दुसऱ्या साइटवर दिसतोय. सगळ्यात आधी काय करू?

काहीही बोलू नका. आधी पुरावा गोळा करा. मी पहिल्या वेळी नेमकं उलटं केलं. रागाच्या भरात त्या पानाखाली चार ओळी खरडल्या आणि चहा टाकायला उठले. चहा उकळेपर्यंत पान गायब. माझ्याकडे उरला एकच स्क्रीनशॉट, तोही अर्धा, वर पत्ता नाही, तारीख नाही.

तेव्हा पूर्ण पान पीडीएफ करून ठेवा, त्यात वेबपत्ता आणि तारीख दिसली पाहिजे. मग इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये ते पान जतन करा. ही नोंद तिसऱ्या संस्थेकडे, वेळेच्या शिक्क्यानिशी राहते. आपलं मूळ पानही तिथेच जतन करून टाका. कच्चा खर्डा, फोटोंच्या मूळ फाइली, संपादकाशी झालेला ईमेल यातलं काही पुसू नका. पुढे कोर्टात जायची वेळ आलीच, तर १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र जोडावं लागतं. मूळ फाइल हाताशी असेल तर ते सोपं जातं.

२. मी कॉपीराइट नोंदवलेलाच नाही. मग माझा हक्क कसला?

हक्क आहे, पूर्ण आहे. कॉपीराइट कायदा १९५७ चा. त्यानुसार मजकूर लिहिला गेला की हक्क आपोआप येतो. गोलातला सी, ‘सर्व हक्क राखीव’ ही पाटी, यातलं काहीही सक्तीचं नाही. पाटी लावावी जरूर, पण ती कुत्र्यापासून सावध राहण्याच्या पाटीसारखी. कुत्रा पाटीशिवायही चावतो.

नोंदणी ऐच्छिक आहे. साहित्यकृतीसाठी शुल्क ५०० रुपये. अर्ज केल्यावर हरकतींसाठी ३० दिवस थांबावं लागतं. फायदा एवढाच की नोंदवहीतला उतारा कोर्टात प्रथमदर्शनी पुरावा धरला जातो. फुटकळ लेखांसाठी मी या भानगडीत पडत नाही. पुस्तक होण्याजोगी लेखमाला असेल तर जरूर नोंदवा. आणि स्वतःचंच हस्तलिखित स्वतःच्या पत्त्यावर रजिस्टर पोस्टानं पाठवून पाकीट बंद ठेवायचा तो जुना सल्ला विसरा. त्याला कायद्यात काही स्थान नाही.

चोर परदेशात असला तरी हक्क तुटत नाही. भारत १९२८ पासून बर्न करारात (कॉपीराइटचा आंतरराष्ट्रीय करार) आहे, त्यामुळे सदस्य देशांत तुमच्या लिखाणाला तिथल्या लेखकांसारखंच संरक्षण मिळतं.

३. पाककृती तर सगळ्यांचीच असते. तिच्यावर हक्क कसा सांगणार?

हा मला सगळ्यात जास्त येणारा प्रश्न. उत्तर थोडं कडू आहे. कल्पनेवर, माहितीवर, पद्धतीवर हक्क नसतो. हक्क मांडणीवर असतो. सर्वोच्च न्यायालयानं १९७८ मध्ये आर. जी. आनंद खटल्यात हे स्पष्ट केलं आणि आजही वकील तोच निकाल पुढे करतात.

म्हणजे ‘एक नारळ, आठ-दहा आमसुलं, दोन लसूण पाकळ्या, हिरवी मिरची, मीठ’ ही सोलकढीची यादी कुणाच्या बापाची नाही. मी लिहिली म्हणून ती माझी होत नाही. पण त्याच लेखात मी लिहिलं होतं की आमची आजी नारळाचं दूध पितळी वाटीनं मोजायची, त्या वाटीला एका बाजूला पोचा होता, आणि पोच्यामुळे कमी पडणारं दूध ती ‘वाटीची चूक’ म्हणून वरून घालायची. एका साइटनं कृतीसकट तो पोचाही उचलला. लेखाखाली नाव दुसऱ्याच बाईंचं, आजी मात्र आमची! तिथे मला काहीच सिद्ध करावं लागलं नाही.

हाच नियम प्रवासवर्णन, आरोग्यविषयक माहिती, स्पर्धा परीक्षांच्या टिपणांना. गडाची उंची, सनावळी, बसच्या वेळा सगळ्यांच्या. वाक्यं तुमची. नुसत्या शीर्षकालाही संरक्षण नसतं. सर्वोच्च न्यायालयानं २०१५ मध्ये तसा निकाल दिला आहे. त्यामुळे कुणी फक्त मथळा उचलला असेल तर सोडून द्या.

४. चोरी झालीय हे कळायचं कसं? मी रोज शोधत बसू का?

महिन्यातून एकदा पुरे. लेखातलं सहा-आठ शब्दांचं एखादं आडवळणाचं वाक्य निवडा आणि दुहेरी अवतरणचिन्हांत घालून शोधा. पहिलं वाक्य घेऊ नका, चोर तेवढं बदलतो. शेवटचंही नको, ते तो कापतो. मधलं घ्या.

देवनागरीत एक खोच आहे. ‘दुसऱ्या’तला तो अर्धा र संगणकात दोन तऱ्हांनी लिहिता येतो, ‘ॲप’मधल्या ॲचंही तेच. दिसायला सारखं, पण शोधयंत्राला दोन वेगळे शब्द वाटू शकतात. म्हणून अशी अक्षरं नसलेलं वाक्य निवडायचं. जुन्या बिगर-युनिकोड फाँटमध्ये किंवा चित्रावर छापलेला मजकूर या शोधात सापडतच नाही. फोटोंसाठी गूगल लेन्स वापरा.

आपल्या लेखातल्या चुका लक्षात ठेवा. माझ्या एका लेखात ‘तिरफळ’ एकदा ‘तिफरळ’ असं पडलंय. मी ते मुद्दाम सुधारलेलं नाही. आजवर तीन ठिकाणी ‘तिफरळ’ भेटलंय.

५. त्यांनी खाली ‘साभार’ लिहिलंय. मग ती चोरी कशी?

साभार म्हणजे आभार मानले, परवानगी घेतली असं नव्हे. शेजारच्याची सायकल नेऊन हँडलला ‘शेजाऱ्यांच्या सौजन्यानं’ अशी चिठ्ठी अडकवली तरी सायकल त्याची त्यालाच लागते. पूर्ण लेख छापायला परवानगी हवी, नाव दिलं तरी.

मात्र समीक्षेसाठी, चालू घडामोडींच्या वार्तांकनासाठी, खाजगी अभ्यासासाठी वाजवी वापर कायद्याच्या कलम ५२ मध्ये मान्य आहे. तुमच्या लेखावर टीका करताना कुणी दोन परिच्छेद उद्धृत केले तर ती चोरी नाही, कितीही झोंबली तरी. ‘दहा टक्के चालतं’, ‘तीस शब्दांपर्यंत माफ’ असले आकडे लोक छातीठोकपणे सांगतात. कायद्यात असा एकही आकडा नाही. किती घेतलं, कशासाठी घेतलं, त्यानं मूळ लेखाची गरज संपते का, हे बघितलं जातं.

६. त्या माणसाला थेट कळवावं का?

पुरावा हातात आल्यावर, हो. निम्म्याहून जास्त प्रकरणं माझ्याकडे इथेच मिटली आहेत. निरोप कोरडा ठेवा:

‘नमस्कार. आपल्या साइटवरील अमुक लेख माझा असून मी तो अमुक तारखेला प्रसिद्ध केला आहे. दोन्ही दुवे सोबत देत आहे. या वापरास माझी परवानगी नाही. कृपया ७२ तासांत तो काढून तसे कळवावे.’

एवढंच. ‘लाज वाटत नाही का’ नको, तुरुंगाची धमकी नको. बिनबुडाच्या धमकीविरुद्ध कलम ६० खाली समोरचाच दावा लावू शकतो. ‘पन्नास हजार टाका, नाहीतर पोलीस’ हे तर चुकूनही लिहू नका, त्यात तुम्हीच अडकाल. उत्तर बहुधा येईल, ‘ताई, तुमचंच लिखाण आम्ही जगभर पोचवतोय.’ वाद घालू नका. तोच निरोप पुन्हा पाठवा, आणि मग प्रश्न ७.

७. तो दाद देत नाही. मजकूर खाली उतरवायचा कसा?

माणसाला सोडा, त्याच्या घरमालकाला गाठा. प्रत्येक साइट कुठल्यातरी होस्टिंग कंपनीच्या जागेत राहते. हूइज शोधात (साइटची नोंदणी कुणाकडे आहे ते दाखवणारा) किंवा होस्ट दाखवणाऱ्या मोफत साइटवर तिचं नाव कळतं. साइट आणि वाचक यांच्या मध्ये क्लाउडफ्लेअर नावाची सेवा असेल तर खरा होस्ट झाकला जातो; अशा वेळी तक्रार क्लाउडफ्लेअरच्याच फॉर्मवर करायची, ते ती होस्टकडे पाठवतात.

बरेचसे होस्ट अमेरिकन असल्यामुळे तिथला १९९८ चा डीएमसीए (डिजिटल कॉपीराइटचा) कायदा कामी येतो. तक्रारीला पैसे पडत नाहीत, वकील लागत नाही. त्यात मूळ लेखाचा दुवा, चोरलेल्या प्रत्येक पानाचा वेगळा दुवा, तुमचा संपर्क, ‘हा वापर परवानगीशिवाय झाल्याची माझी प्रामाणिक समजूत आहे’ आणि ‘ही माहिती अचूक असून मी हक्कधारक आहे’ अशी विधानं आणि सही, एवढं लागतं. बहुतेक कंपन्यांचा तयार फॉर्म असतो. ‘पूर्ण साइटच चोरांची आहे’ असं लिहिलंत तर तक्रार परत येईल. पानागणिक दुवे द्या, पंधरा असतील तर पंधरा.

एक सावधगिरी, विशेषतः बायकांसाठी. तक्रारीतलं नाव आणि संपर्क समोरच्यापर्यंत पोचू शकतो. घरचा पत्ता आणि रोजचा नंबर देऊ नका. पोस्ट बॉक्सचा किंवा कार्यालयाचा पत्ता आणि या कामापुरता वेगळा ईमेल ठेवा.

८. साइट ऐकत नाही, होस्टही ऐकत नाही. निदान गूगलवर तरी ती माझ्या वर दिसू नये!

गूगलचा कॉपीराइट तक्रारीचा फॉर्म वेगळा आहे, तो भरा. मान्य झाली तर ते पान शोधनिकालांतून जातं. साइटवर मजकूर राहतो, पण वाचक तिथे पोचत नाही, आणि चोराला वाचकच हवे असतात. गूगल अशा तक्रारींच्या प्रती ल्युमेन नावाच्या सार्वजनिक संग्रहाला पाठवतं, हे माहीत असू द्या. त्या पानावर गूगलच्या जाहिराती असतील तर ॲडसेन्सकडेही तक्रार करा. उत्पन्नावर गदा आली की भलेभले नरम येतात.

९. साइट भारतातलीच आहे. अमेरिकेच्या कायद्याची काय मातब्बरी?

आपल्याकडेही तरतूद आहे, फक्त ती फारशी कुणी वापरत नाही. कॉपीराइट नियम २०१३ मधल्या नियम ७५ खाली, दुसऱ्यांचा मजकूर साठवणाऱ्या किंवा दाखवणाऱ्या मध्यस्थ सेवेला लेखी तक्रार देता येते. तक्रार नियमात बसली तर ३६ तासांत तो मजकूर दिसणं थांबवायचं असतं, आणि तेही २१ दिवसांसाठी. तेवढ्यात तुम्ही कोर्टाचा आदेश आणला नाही, तर ते तो पुन्हा खुला करू शकतात. मोठ्या संकेतस्थळांवर २०२१ च्या आयटी नियमांप्रमाणे तक्रार अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क दिलेला असतो. पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत शोधा.

१०. माझ्या तक्रारीवर त्यानं उलट नोटीस टाकली, ‘हा लेख माझाच’!

डीएमसीएत ही सोय आहे. उलट नोटीस आली की होस्ट तुम्हाला कळवतो, आणि तुम्ही दावा दाखल केल्याचं १० ते १४ कामकाजी दिवसांत दाखवलं नाहीत तर मजकूर पुन्हा चढवतो. निर्ढावलेल्यांना हे पाठ असतं. इथे वकिलाचा सल्ला घ्या. दरम्यान गूगलकडची तक्रार (प्रश्न ८) वेगळी चालवता येते.

११. माझी कथा व्हॉट्सअ‍ॅपवर ‘अनामिक’ म्हणून फिरतेय. काल तर ती पु. लं.च्या नावानं आली!

या रोगाला औषध जवळपास नाही. ‘वाचनात आले, आवडले म्हणून पाठवले’ या ओळीनं मराठीतले जितके लेखक मारले, तितके टीकाकारांनी मारले नसतील. मजकुरात विनोद असेल तर पु. ल., नातेसंबंध असतील तर व. पु., ही वाटणी ठरलेली आहे.

कायदा तुमच्या बाजूनं आहे. कलम ५७ प्रमाणे ‘हे माझं आहे’ असं सांगण्याचा हक्क लेखकाचा असतो, अगदी कॉपीराइट विकून टाकला तरी. पण हजारो फॉरवर्डकर्त्यांवर दावा कोण लावणार? मी दोन गोष्टी करते. एक, मूळ कथेचा दुवा आणि प्रसिद्धीची तारीख घालून दोन ओळींचा निरोप तयार ठेवते आणि कथा जिथे भेटेल तिथे टाकते. चिडून नाही, ‘अरे वा, माझीच कथा फिरून परत आली’ अशा सुरात. पुष्कळ जण पुढे नाव घालून पाठवतात. दोन, नाव कथेच्या आतच विणते. शेवटची ओळ सगळ्यात आधी कापली जाते, म्हणून माझ्या गोष्टींत आई मला मधेच नावानं हाक मारते. ती हाक कापली तर पुढचा संवादच लागत नाही.

१२. टेलिग्रामवर आमच्या अंकाचं पीडीएफ आहे, आणि एक यूट्यूबवाला माझ्या कथा वाचून दाखवतोय.

दोन्ही उल्लंघनंच. वाचून दाखवणं म्हणजे प्रसार नव्हे, सादरीकरण आहे. त्यालाही परवानगी लागते. ‘आवाज माझा आहे’ हा बचाव चालत नाही. यूट्यूबचा कॉपीराइट फॉर्म भरा. ९० दिवसांत तीन स्ट्राइक (कॉपीराइटच्या ताकिदी) बसले तर चॅनेल बंद होऊ शकतं, त्यामुळे उत्तर लवकर येतं. माझा सल्ला, आधी बोलून बघा. कथाकथन करणारे पुष्कळ जण नुसते हौशी असतात. नाव, दुवा आणि थोडं मानधन यावर माझा एकाशी छान करार झाला.

टेलिग्रामवर एक चॅनेल बंद केलं की दुसरं उगवतं. पण चालवणारे कायम अदृश्य राहतात असं नाही. शिकवणीच्या साहित्याच्या एका प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयानं २०२२ मध्ये टेलिग्रामला अशा चॅनेलवाल्यांचा तपशील द्यायला लावला.

१३. वर्तमानपत्राच्या पुरवणीत माझा लेख छापलाय, नाव भलत्याचंच!

माझ्याबाबतीत घडलंय. फोटोसुद्धा माझाच होता. स्टीलच्या पातेल्यावर माझ्या पिवळ्या गाउनचं प्रतिबिंब दिसत होतं. छापील अंकाच्या दोन प्रती विकत घ्या, ई-पेपर जतन करा आणि संपादकाला लेखी कळवा. मागणी स्पष्ट ठेवा: त्याच पुरवणीत खुलासा आणि मानधन. उत्तर आलं नाही तर प्रेस कौन्सिल ऑफ इंडियाकडे जाता येतं. दैनिक किंवा साप्ताहिकासाठी प्रसिद्धीपासून दोन महिन्यांत, इतर नियतकालिकांसाठी चार महिन्यांत. कौन्सिल दंड करत नाही, समज देते, ताशेरे मारते. संपादकांना ते आवडत नाही.

१४. वाक्यं फिरवून लिहिलंय किंवा हिंदीत भाषांतर केलंय. आता तर एआयकडून ‘पुन्हा लिहून’ घेतात.

भाषांतराचा हक्क मूळ लेखकाचाच, त्यामुळे हिंदी-इंग्रजी अवतारही उल्लंघनच ठरतो. (आणि इंग्रजी लेखांचं गुपचूप मराठी करणाऱ्यांनो, हे तुम्हालाही लागू.) वाक्यं फिरवली असतील तर प्रश्न ३ ची कसोटी: क्रम, उदाहरणं, उपमा, मांडणीचा सांगाडा तोच आहे का? दोन रकान्यांचा तक्ता करा, डावीकडे तुमचं, उजवीकडे त्याचं. सात-आठ ओळी जुळल्या की तक्ताच बोलतो. फक्त माहिती तीच आणि बाकी सगळं वेगळं असेल, तर हात जोडून सोडा.

एआय कंपन्यांनी प्रशिक्षणासाठी मजकूर वापरणं योग्य की नाही, हा वेगळा प्रश्न. एएनआय या वृत्तसंस्थेनं चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयविरुद्ध नोव्हेंबर २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात दावा दाखल केला आहे. तूर्त, साइटच्या रोबोट्स फाइलमध्ये (मजकूर गोळा करणाऱ्या यंत्रांसाठीच्या सूचनांची फाइल) जीपीटीबॉट, गूगल-एक्स्टेंडेड या एआयच्या नावांना मनाई लिहिता येते. ती विनंती असते, कुलूप नव्हे.

१५. मी पैसे घेऊन लिहिलेला मजकूर कुणाचा?

तुम्ही पगारी नोकर असाल आणि कामाचा भाग म्हणून लिहिलं असेल, तर वेगळा करार नसल्यास मालकाचा. शब्दामागे पैसे घेणारे मुक्त लेखक असाल, तर लेखी हस्तांतर झाल्याशिवाय तुमचा. हस्तांतरात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. जुने करार काढून वाचा, पुष्कळांना सुखद धक्का बसतो.

फोटोंचं गणित उलटं आहे. पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला हक्क, वेगळं काही ठरलं नसेल तर, पैसे देणाऱ्याचा. लग्नाच्या फोटोग्राफरशी भांडायच्या आधी आणि त्यानं तुमच्याशी भांडायच्या आधी, दोघांनी हे वाचावं.

१६. जुन्या लेखकांचं लिखाण साइटवर घालता येतं ना?

हक्क लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो, मोजणी पुढच्या १ जानेवारीपासून. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, त्यांचं लिखाण २०११ पासून खुलं आहे. पण मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या लिखाणाला मोजणी प्रसिद्धीपासून होते. बहिणाबाई चौधरी १९५१ मध्ये गेल्या आणि त्यांच्या कविता पुस्तकरूपानं १९५२ मध्ये आल्या, म्हणून १९५२ धरायचं. आणि खुल्या साहित्याला कुणी आज लिहिलेली प्रस्तावना, टिपा, चित्रं ही त्या नव्या माणसाची असतात.

१७. कुणाच्या तरी पीएचडीत माझे उतारे सापडलेत.

विद्यापीठाला लिहा. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला शिक्षा नाही, ६० टक्क्यांच्या वर गेलं तर नोंदणी रद्द, मधल्या पायऱ्यांना प्रबंध दुरुस्त करून पुन्हा देणं. हे टक्के फक्त तिथले. प्रश्न ५ मधला गैरसमज बहुधा इथूनच पसरला.

१८. पोलिसांत जाऊ का? भरपाई मिळेल का?

जाणूनबुजून केलेल्या उल्लंघनाला कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ खाली सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड आहे. (पुराव्याच्या कायद्यातलंही कलम ६३, प्रश्न १ मधलं; दोन्हींची गल्लत करू नका.) हा दखलपात्र गुन्हा असल्याचं सर्वोच्च न्यायालयानं २०२२ मध्ये सांगितलं. तरी एका लेखासाठी ठाण्यात गेलात तर ‘लेख म्हणजे नक्की काय चोरीला गेलं?’ इथपासून सुरुवात होईल. छापील प्रती आणि प्रश्न १४ मधला तक्ता घेऊन जा.

दिवाणी दाव्याची एक सोय मोलाची आहे. कलम ६२ मुळे तुम्ही राहता तिथल्या जिल्हा न्यायालयात दावा लावता येतो; चिपळूणच्या लेखिकेला चोरामागे दुसऱ्या राज्यात जावं लागत नाही. भरपाईची मुदत उल्लंघनापासून तीन वर्षं. खरं सांगायचं तर एकट्यादुकट्या लेखासाठी वकिलाची फीही निघत नाही. पुस्तक, अभ्यासक्रम, अख्खी लेखमाला ढापली असेल तर मात्र कचरू नका.

१९. उजवी क्लिक बंद केली तर?

चोराला दहा सेकंद जास्त लागतील. तुमच्या प्रामाणिक वाचकाला मात्र आमसुलांचं प्रमाण बहिणीला पाठवता येणार नाही.

२०. उलटंच झालंय. मलाच नोटीस आलीय!

आधी मजकूर तात्पुरता उतरवा, मग विचार करा. उतरवणं म्हणजे कबुली नव्हे. तो फोटो, ती कविता कुठून घेतली ते आठवा. ‘गूगलवरून’ हे उत्तर नाही, गूगल फक्त दाखवतं. विकिपीडियावरचा मजकूर घेतला असेल तर वापर मोकळा आहे, पण नाव आणि परवान्याचा उल्लेख करावा लागतो, आणि बदल करून घातलं तर त्याच परवान्यानं घालावं लागतं. चूक तुमची असेल तर दोन ओळींत माफी मागा आणि मानधन किती द्यायचं ते विचारा. नोटीस खोटी वाटत असेल तर तुमचे पुरावे प्रश्न १ प्रमाणे लावा आणि लेखी उत्तर द्या; फोनवर काहीही कबूल करू नका.